पांढऱ्या फुलाची नोंद

बोईसर स्टेशनातून बाहेर पडून तारापूर औद्योगिक वसाहतीकडे निघालं, की पावसाळा सरता सरता रस्त्याच्या कडेला एक झुडूप हमखास भेटतं. कमरेला लागेल एवढी उंची, गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली पानं आणि शेंड्याशी पांढऱ्या फुलांचा बारीक सडा. लांबून प्रत्येक फूल नुसती पांढरी टिकली वाटतं. हातमोजा घालून एक तळहातावर घेतलं, तर त्याला पाच कोपरे दिसतात. 'चटक चांदणी' हे त्याचं एक नाव तेव्हा पटतं. खोड उन्हाकडे धरलं की त्यावरची बारीक लव चमकते. आपल्याकडे बहुतेक लोक या झुडपाला गाजर गवत म्हणतात, जुनी माणसं काँग्रेस गवत म्हणतात, आणि वनस्पतीशास्त्रात त्याचं नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस असं आहे.

या एका झुडपाने महाराष्ट्राला ॲलर्जी म्हणजे काय ते शिकवलं. ते शिकायला आपल्याला वीसेक वर्षं लागली आणि त्या काळात पुण्याच्या परिसरातल्या कितीतरी माणसांच्या अंगाची आग झाली. ही हकिगत पुण्याची असली, तरी पालघर जिल्ह्यात राहणाऱ्याने ती मुद्दाम वाचावी अशी आहे. समुद्र, जंगल आणि कारखाने एकाच तालुक्याच्या अंतरात नांदणारा हा जिल्हा आहे, आणि माणसाच्या शरीराला न मानवणाऱ्या गोष्टी या तिन्ही ठिकाणी सापडतात.

बिबवा उतणं

जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या जंगलात बिबव्याची झाडं आहेत. बिबव्याचं काळं तेल किती तिखट असतं हे इथल्या माणसाला कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. टाचेच्या भेगेत बिबव्याचा चटका देणारी आजी आधी विचारायची, "तुला बिबवा उततो का रे?" एखाद्याला तेल लागलं तरी काही होत नाही. दुसऱ्याला मात्र बिबवे भाजताना नुसता धूर लागला तरी दोन दिवसांत तोंड सुजतं, कातडीवर पाण्याचे फोड येतात. "याला बिबवा उतला" एवढं म्हणून घरातली माणसं खोबरेल तेल लावायची आणि त्याला पुन्हा त्या झाडाखाली जाऊ द्यायची नाहीत.

या वर्णनात कातडीच्या ॲलर्जीची जवळजवळ सगळी लक्षणं आली आहेत. पदार्थ सगळ्यांना सारखाच मिळतो, पण बाधतो काहींनाच. बाधतो तोही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. आणि एकदा बाधला की पुढे थोडासाही चालत नाही. मराठीत यासाठी 'वावडं' हा नेमका शब्द आहे.

बिबव्याने एकदा जागतिक वैद्यकालाही कोडं घातलं होतं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर खाजरे चट्टे उठू लागले. चट्टा नेमका तिथे, जिथे कपड्यावर धोब्याची खूण असे. आपले धोबी कपडे ओळखण्यासाठी बिबव्याच्या रसाने खूण करत, कारण ती धुऊन जात नाही. लिव्हिंगगुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ साली हा प्रकार 'धोबी मार्क डर्माटायटिस' या नावाने अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात मांडला. बिबव्याच्या तेलातली द्रव्यं अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या वेलीतल्या द्रव्यांच्या नात्यातली आहेत. मायदेशी कधीतरी त्या वेलीला हात लागलेला असलेल्या सैनिकाच्या शरीराने ती ओळख जपून ठेवली होती. हजारो मैलांवर, बिबवा आयुष्यात पाहिलेला नसताना, त्याच्या कातडीने तो ओळखला.

पुणे, १९५५

गाजर गवताची ओळख मात्र इथे कुणालाच नव्हती. ना त्याचं नाव होतं, ना ते उतल्यावर काय करायचं हे सांगणारी आजी. ते मूळचं मेक्सिकोच्या आखाताभोवतालचं. पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर वाढलेली काही तुरळक रोपं १९५५ साली वनस्पतीशास्त्रज्ञ आर. एस. राव यांच्या नजरेला पडली. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी त्यावर टिपण लिहिलं: भारतासाठी नवी नोंद. जेमतेम तीन पानांचं हे टिपण. एखाद्या वाटसरूने ओलांडून जावं अशी रोपं त्यांनी थांबून पाहिली, ओळखली आणि लिहून ठेवली. म्हणून आज या गवताच्या आगमनाला तारीख आहे.

हे गवत आलं कुठून, याचं उत्तर महाराष्ट्रात गावोगाव एकच मिळतं: अमेरिकेच्या 'पीएल-४८०' गव्हातून. काँग्रेस गवत हे नावही अमेरिकन काँग्रेसने मंजूर केलेल्या त्या कायद्याशी जोडलं जातं. कुणी पांढऱ्या फुलांचा संबंध काँग्रेस पक्षाच्या पांढऱ्या टोपीशी लावतात. पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की गोष्ट इतकी सरळ राहत नाही. पब्लिक लॉ ४८० हा कायदा अमेरिकेत जुलै १९५४ मध्ये झाला, पण त्याखाली भारताशी पहिला करार झाला तो २९ ऑगस्ट १९५६ रोजी. रावांनी रोपं पाहिली ती १९५५ मध्ये. इतकंच नव्हे, तर प्रा. परांजपे यांनी १९५१ च्या सुमारासच पुण्यात हे झाड पाहिल्याचा उल्लेख पुढच्या संशोधकांच्या लेखनात वारंवार येतो. म्हणजे पीएल-४८० चा गहू बंदरात उतरण्याआधीच गवत पुण्यात पोचलं होतं.

तरी अमेरिकन धान्याचा संशय पूर्ण फेटाळता येत नाही. १९५१ मध्ये भारत अन्नटंचाईत होता. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेने १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं ते सुमारे वीस लाख टन धान्य विकत घेण्यासाठी. त्या धान्याबरोबर बी आलं असणं शक्य आहे, आणि पुढच्या दशकातल्या पीएल-४८० च्या गव्हाने त्यात भर घातली असणंही शक्य आहे. शिवाय एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतिसंग्रहांतही याचे भारतातले नमुने असल्याचं नंतर पुढे आलं. लोकांनी दुष्काळाच्या, रांगेत उभं राहून मिळालेल्या लाल गव्हाच्या आठवणीला या गवताची आठवण जोडली. त्या काळच्या पोटाची आणि मानाची ती खरी आठवण आहे, तिचा मान ठेवू. पण इतिहास लिहिताना रावांच्या टिपणावरची तारीख बाजूला सारता येत नाही.

त्यानंतर गवत थांबलं नाही. एका रोपाला हजारोंनी बी येतं, मोठ्या रोपाला पंधरा हजारांवर. बी इतकं हलकं की वाऱ्याने, पाण्याने, गुरांच्या खुरांना चिकटलेल्या चिखलाने, वाळूच्या ट्रकने, चाऱ्याच्या पेंढीबरोबर ते कुठेही जातं. रस्ते आणि लोहमार्ग यांच्या कडा, पडीक जमिनी, बांधकामांची मोकळी मैदानं, वाढत्या शहरांच्या कडेच्या ओसाड जागा ही त्याची लाडकी ठिकाणं. साठच्या दशकात पुण्याच्या आसपास नेमक्या अशाच जागा वाढत होत्या.

पापण्या, मान, कोपराची खोबण

त्याच वर्षांत पुण्याच्या परिसरातली माणसं एक नवाच त्रास घेऊन डॉक्टरांकडे येऊ लागली. बहुतेक प्रौढ पुरुष, आणि बहुतेक उघड्यावर काम करणारे. आधी पापण्या सुजायच्या आणि खाजायच्या. मग मानेच्या वळ्या, कोपराच्या आतली खोबण, गुडघ्यामागची जागा. कपड्याने झाकलेली कातडी सुरुवातीला कोरी राहायची. दिवस गेले की कातडी जाड, काळसर, भेगाळलेली व्हायची, आणि काहींच्या सगळ्या अंगभर पसरायची. कोण याला उष्णता म्हणे, कोण खरूज, कोण रक्तदोष. रोगी आठ-पंधरा दिवस दुसऱ्या गावी राहून आला की बरा वाटायचा, आणि परतला की पुन्हा पेटायचा.

त्या भागांची यादीच निदान सांगत होती. पापणी, मान, कोपराची खोबण म्हणजे शरीराच्या उघड्या जागा आणि घामाने धूळ साठणाऱ्या वळ्या. नुसत्या हाताने धरलेल्या वस्तूने असं होत नाही. जे काही होतं ते हवेतून येत होतं. पुण्याच्या डॉ. लोणकर यांनी हा धागा पकडला. त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या गावांत, शेतांत, रस्त्यांवर पांढऱ्या फुलांचं ते एकच झाड उभं होतं.

संशयाचं ज्ञान व्हायला पुरावा लागतो, आणि त्यासाठी एक जुनी पण पक्की पद्धत होती. १८९५ साली जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी 'पॅच टेस्ट' मांडली होती. संशयित पदार्थाचा थोडा अंश पाठीवर लावून वर पट्टी चिकटवायची, दोन दिवस ती तशीच ठेवायची, आणि मग ती काढून पाहायचं. पट्टीखाली तेवढ्याच जागी लाली, सूज, फोड आले, तर आरोपी सापडला. झाडावर संशय असेल तर झाडाची पानं, खोड, फुलं यांचे अर्क एकेक करून लावता येतात. रुग्णाच्या पाठीवर दोन दिवसांनी उठणारा तो छोटा लाल गोल म्हणजे त्याच्या दोन-चार वर्षांच्या दुखण्याचं उत्तर.

डॉ. लोणकर यांनी कॅनडातले त्वचारोगतज्ज्ञ मिचेल आणि लंडनच्या सेंट जॉन्स रुग्णालयातले कॅल्नन यांच्यासह १९७४ मध्ये या दुखण्यावर सविस्तर लेख लिहिला. वनस्पतींमुळे होणारे त्वचाविकार हा मिचेल यांचा विशेष अभ्यास होता. पुण्याच्या कचऱ्याच्या ढिगावरचं झुडूप आता जगाच्या वैद्यकात नोंदलं गेलं.

रावांच्या टिपणापासून या लेखापर्यंत अठरा वर्षं गेली. वनस्पतीशास्त्रज्ञाच्या वहीत झाड होतं, त्वचारोगतज्ज्ञाच्या वहीत रोगी होता, आणि मधली कितीतरी वर्षं या दोन वह्या शेजारी ठेवणारं कुणी नव्हतं. या सगळ्या हकिगतीत मला सर्वात जास्त हेच अंतर खुपतं. कितीतरी माणसांच्या वेदना त्या अंतरात बसल्या आहेत.

शरीर कसं लक्षात ठेवतं

झाडात असं काय आहे? खोडा-पानांवरच्या त्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. सेस्क्विटर्पीन लॅक्टोन या कुळातलं. झाड वाळलं की ही लव चुरून धुळीत मिसळते आणि वाऱ्याबरोबर पापणीवर येऊन बसते. पार्थेनिनचा कण इतका लहान असतो की शरीराची संरक्षण व्यवस्था त्याच्याकडे एरवी लक्षही देणार नाही. पण तो कातडीतल्या प्रथिनांना घट्ट चिकटतो, आणि आपलंच प्रथिन परकं दिसू लागतं. कातडीत पहाऱ्यावर असणाऱ्या पेशी ते उचलून जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत नेतात. तिथे 'टी' पेशींची एक तुकडी तयार होते, जिचं काम एवढंच: हे रूप पुन्हा दिसलं की धावून जायचं.

ही तयारी व्हायला काही दिवस लागतात, कधी संपर्काची अनेक वर्षं. तोवर माणूस त्याच गवतात बिनदिक्कत वावरतो. एकदा तुकडी तयार झाली, की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत ती कातडीत जमते आणि सूज, खाज, फोड सुरू होतात. "इतकी वर्षं काही झालं नाही, मग आताच कसं?" हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. उत्तर असं की त्या सगळ्या वर्षांत शरीर शिकत होतं.

हे काम पेशी करतात, हे सिद्ध व्हायला १९४२ साल उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी एका रसायनाचं वावडं असलेल्या गिनीपिगच्या पेशी दुसऱ्या, निरोगी गिनीपिगला दिल्या, आणि त्यालाही तेच वावडं जडलं. नुसतं रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम देऊन ते होत नव्हतं.

पण दुसऱ्या एका जातीचं वावडं नेमकं सीरममधूनच जातं. ते १९२१ मध्ये ब्रेस्लाऊ शहरात कळलं होतं. हाइन्झ क्युस्टनर नावाच्या डॉक्टरांना शिजवलेला मासा चालत नसे. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांचं सीरम स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत तिथे गांधी उठली. मासा एरवी सहज खाणाऱ्या माणसाच्या कातडीच्या एका तुकड्याला दुसऱ्याचं वावडं मिळालं होतं. सीरममधला तो अज्ञात घटक १९६६ मध्ये डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने शोधून काढला. त्या शोधात किमिशिगे यांनी स्वतःच्या त्वचेवर चाचण्या घेतल्या. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिख यांना तेच प्रथिन वेगळ्या वाटेने सापडलं, आणि १९६८ मध्ये त्याला नाव मिळालं: इम्युनोग्लोब्युलिन ई, म्हणजे आयजीई.

ही दुसरी जात पहिलीसारखी दोन दिवस थांबत नाही. आयजीई शरीरातल्या 'मास्ट' पेशींवर आधीच चढून बसलेलं असतं. परागकण किंवा माशाचं प्रथिन येऊन त्याला भिडलं, की पेशी फुटल्यासारख्या हिस्टामिन ओततात. शिंका, नाकाला धार, डोळ्यांना पाणी, अंगावर उठणाऱ्या गांधी, छातीत घरघर हे सगळं मिनिटांत होतं. या दोन्ही जातींना, आणि शरीराच्या बदललेल्या वागण्याच्या सगळ्याच प्रकारांना मिळून 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला.

बंगळूरहून सातपाटीकडे

इशिझाका दांपत्याने ज्या रुग्णांचं सीरम वापरलं, त्यांना रॅगवीड नावाच्या अमेरिकन तणाच्या परागकणांचं वावडं होतं. रॅगवीड हे गाजर गवताचं अगदी जवळचं भावंड. साहजिकच प्रश्न होता की गाजर गवताचे परागकणही तसेच बाधतात का. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. व्ही. सुब्बा राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याचा पाठपुरावा केला. या गवताच्या परागांनी शिंका आणि दमा होतो, आणि रुग्णांच्या रक्तात त्याविरुद्धचं आयजीई सापडतं, हे त्यांनी दाखवलं. रॅगवीडच्या परागांशी त्याचं साम्यही त्यांनी उलगडलं. एकच झाड एका माणसाला कातडीतून गाठतं आणि दुसऱ्याला नाकातून, आणि दोघांच्या शरीरातली यंत्रणा पूर्ण वेगळी असते.

याच प्रयोगशाळेचं आणखी एक काम पालघरच्या किनाऱ्याच्या अगदी जवळचं आहे. सुब्बा राव यांच्या गटाने पांढऱ्या कोळंबीवर, शास्त्रीय नावाने पेनिअस इंडिकसवर, संशोधन केलं. १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं की शिजवूनही नष्ट न होणारी वावड्याची प्रथिनं तिच्यात असतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसह त्यांनी मुख्य आरोपीचं नाव जाहीर केलं: ट्रोपोमायोसिन. कोळंबीच्या स्नायूतलं साधं प्रथिन.

सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूरच्या घरांत या एका शब्दाने किती कोडी सुटतात पाहा. घरातल्या एका पोराला कोळंबीच्या कालवणाने ओठ सुजतात, अंगावर गांधी येतात, पण पापलेट तो मजेत खातो. कारण पापलेटच्या वावड्याचं प्रथिन वेगळं, कोळंबीचं वेगळं. मात्र ज्याला कोळंबी बाधते त्याला चिंबोरी, शेवंड आणि सुकटीतला जवळाही बाधण्याचा धोका असतो, कारण ही सगळी कवचधारी प्राण्यांची मंडळी आणि त्यांचं ट्रोपोमायोसिन एकमेकांच्या फार जवळचं. झुरळात आणि घरच्या धुळीतल्या बारीक किड्यांतही याच घराण्याचं प्रथिन असतं. "चांगली उकळून दे, काही होत नाही" हा घरगुती सल्ला इथे चालत नाही. उकळल्याने ते प्रथिन मोडत नाही. आणि एकाच कढईत आधी कोळंबी, मग मासा तळला तर पापलेटही सुरक्षित राहत नाही.

एवढं मात्र प्रत्येकाने मनात कोरून ठेवावं. कोळंबी खाल्ल्यावर नुसत्या गांधी न उठता घसा आवळू लागला, श्वास लागला, चक्कर आली, तर घरच्या उपायांत एक मिनिटही घालवू नये. थेट दवाखाना गाठावा. तिथे मांडीत दिलेलं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन प्राण वाचवतं. हा तीव्र प्रकार, ॲनाफिलॅक्सिस, आधुनिक वैद्यकाला कळला तोही समुद्रामुळेच. मोनॅकोच्या राजपुत्राच्या संशोधन-नौकेवर १९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी 'पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर' या दंश करणाऱ्या सागरी जीवाच्या विषाचा अभ्यास सुरू केला. हाच निळा, फुगलेला जीव पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर वाहून येतो. पुढे समुद्रफुलाच्या विषावर काम करताना त्यांना दिसलं की पहिल्या मात्रेतून वाचलेले कुत्रे, काही आठवड्यांनी त्याहून कितीतरी कमी मात्रा मिळताच मरतात. शरीर सरावण्याऐवजी जास्त हळवं झालं होतं. रिशे यांना या शोधासाठी १९१३ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

कारखान्याच्या फाटकाशी

आता पुन्हा बोईसरला येऊ. तारापूर औद्योगिक वसाहतीत रंग, रसायनं, औषधं, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत. वैद्यकशास्त्रात कामामुळे जडणाऱ्या वावड्यांची जी जुनी यादी आहे, तिच्यातली कितीतरी नावं अशा वसाहतींत रोज हाताळली जातात. रिॲक्टिव्ह रंगांची भुकटी श्वासात गेली तर काही कामगारांना आयजीईच्या वाटेने दमा होतो. प्रतिजैविकांची भुकटी कातडीला आणि फुप्फुसालाही बाधू शकते. बांधकामावर ओल्या सिमेंटमध्ये हात घालणाऱ्याला त्यातल्या क्रोमियममुळे हातांना चिवट इसब होतं. कृत्रिम दागिन्यातलं निकेल गवंड्याच्या बायकोच्या कानाला लागतं आणि तिथेही तेच 'टी' पेशींचं दुखणं होतं.

या भागातला माणूस एकाच आठवड्यात कारखान्यात पाळी करतो, घरी भातशेती सांभाळतो, रविवारी बाजारातून सुकट आणतो आणि येता-जाता गाजर गवतातून चालतो. त्याच्या हातावर चट्टा उठला, तर त्या चट्ट्याला चार-पाच संभाव्य कारणं आहेत. तिथे मलम लिहून देण्याआधी डॉक्टरांनी पाच प्रश्न विचारले पाहिजेत. कुठलं काम करता? कधीपासून? सुट्टीत बरं वाटतं का? कुठल्या महिन्यात वाढतं? शेजारी काम करणाऱ्या कुणाला असंच होतं का? पुण्यात लोणकरांनी गवताला गाठलं ते याच प्रश्नांच्या जोरावर. आज भारतातल्या पॅच टेस्टच्या प्रमाण संचात पार्थेनियमचा समावेश आहे, क्रोमियम आणि निकेलचाही आहे. ही सोय त्या जुन्या रुग्णांच्या पाठीवरून आली आहे.

टाकळा

गवताविरुद्धची लढाई सत्तरच्या दशकातच सुरू झाली. कर्नाटकने १९७५ मध्ये कायद्याने त्याला उपद्रवी तण ठरवलं. त्याची पानं खाणारा मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा बायकोलोराटा, १९८३ मध्ये आणून १९८४ मध्ये बंगळूरजवळ सोडण्यात आला. तो पसरला आणि पावसाळ्यात गवत फस्त करतो, पण कोरड्या दिवसांत जमिनीत दडून राहतो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजर गवत जागृतीसाठी पाळला जातो. ऑगस्टच का, तर तेव्हा जमीन ओली असते आणि रोप मुळासकट निघतं. उपटायचं ते फुलं येण्याआधी, हातमोजे घालून, नाका-तोंडावर फडकं बांधून. ज्याला एकदा हे गवत उतलं आहे, त्याने या कामाला हात लावू नये. सुकलेलं गवत पेटवूही नये.

शास्त्रज्ञ आणखी एक उपाय सुचवतात, आणि तो पालघरच्या माणसाला आपला वाटेल. उपटलेल्या जागी टाकळ्याचं बी टाकायचं. पहिल्या पावसात टाकळा दाट उगवतो, जमीन झाकतो, आणि गाजर गवताच्या कोंबाला ऊन मिळू देत नाही. हाच टाकळा, ज्याच्या कोवळ्या पाल्याच्या जुड्या जूनच्या अखेरीस आदिवासी बाया जव्हार, विक्रमगडहून बाजारात घेऊन येतात, आणि ज्याची भाजी पावसाळा लागल्याची खूण म्हणून घरोघर होते. त्यांना हे रोप कुणी शिकवावं लागत नाही. कुठला पाला खायचा, कुठला टाळायचा आणि कुणाला काय उततं, ही नोंद त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांभाळली आहे.

गाजर गवत नवं होतं, म्हणून त्याची तोंडी नोंद कुणाकडेच नव्हती, आणि लेखी नोंदी कितीतरी वर्षं एकमेकींना भेटल्या नाहीत. पालघरमध्ये पुढेही नव्या गोष्टी येत राहतील, नवी रसायनं, नवी झाडं, नवं अन्न. त्यातलं काही कुणाला तरी बाधेल. तो माणूस दवाखान्यात येऊन "हे मला मानवत नाही" म्हणेल, तेव्हा त्याचं म्हणणं ऐकून, तारीख घालून, कामाचं आणि गावाचं नाव लिहून ठेवायला हवं. राव आणि लोणकर यांनी आपापल्या वहीत एवढंच केलं होतं.